खात्रीचा अर्धा आटा

अक्काचं पत्र आलं तेव्हा अप्पा गाडीखाली होते. पत्राला त्यांनी उत्तर दिलं नाही, त्याचंही कारण गाडीच होती.

पत्र लहान होतं. कानांनी दगा दिल्यापासून अक्का फोनला हात लावत नसे. सांगायचं ते पोस्टानं, आणि तेही असं, की वाचणाऱ्याला ती कमरेवर हात ठेवून समोर उभी आहे असं वाटावं. ‘घर सोडते आहे. गुडघ्यांना आता हा चढ झेपत नाही. महिनाअखेरच्या शनिवारी सामान टेम्पोतून खाली येईल. मी सामान नाही. मी ह्यांच्या गाडीतून उतरणार आणि गाडी तू चालवणार. ब्रेक नीट आहेत का ते कळव. हो की नाही, एवढंच लिही. निबंध नको.’

‘ह्यांची गाडी’ म्हणजे अक्काच्या नवऱ्याची, अप्पांच्या भावोजींची. विलायती, दोनच माणसांची, गडद हिरवी. नाक लांब, पाठ आखूड, आणि इतकी बुटकी की शेजारून सायकल गेली तरी आतल्या माणसाला मान वर करून बघावं लागे. छत कापडाचं, तेही मनात असेल तर लावायचं. भावोजी डोंगरमाथ्यावरच्या हवामान केंद्रात नोकरीला होते. लग्न झाल्यावर अक्काला त्यांनी याच गाडीतून वर नेलं, आणि पुढे जन्मभर या गाडीचे लाड केले. अक्का तिला सवत म्हणे. “सवतीला जरा खोकला झाला की हे उशाशी बसून. मला ताप आला की म्हणतात, गोळी घेतलीस का?” भावोजी गेले तेव्हा तिनंच गाडी अप्पांच्या दारात पाठवली. “हिला सांभाळायला वेळ असलेला माणूस पाहिजे,” ती म्हणाली, “आणि माझा भाऊ नुकताच रिकामा झालाय.”

अप्पा त्याच वर्षी वाचनालयातून निवृत्त झाले होते. चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की त्यांच्या घशाला कोरड पडे. पण एखादी गोष्ट पुस्तकात लिहिलेली असली, की मग ते कशालाच घाबरत नसत. गाडीबरोबर भावोजींचं दुरुस्तीचं जाडजूड पुस्तक आलं होतं. अप्पांनी आधी त्याची शिवण नीट केली, कव्हर घातलं, आणि मग पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. वाचतावाचता कधी हातात पाना आला ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. इंजिन झालं, वायरिंग झालं, गळणारं कूलंट झालं. गेल्या थंडीत ब्रेकचा धडा आला.

त्यांनी सगळे ब्रेक स्वतःच्या हातांनी उघडले. नव्या रबरी नळ्या, नवी सीलं, नवं ब्रेक ऑइल. गाडी बाहेर काढली तेव्हा पेडल असं घट्ट लागलं की अप्पांची छाती फुगली. ती फुगलेली छाती पुलापर्यंत टिकली. पुलाच्या पुढे गाडी जड व्हायला लागली. कुणीतरी मागून सदऱ्याचं टोक धरून ओढावं तशी. अ‍ॅक्सिलरेटर दाबावा तर ती कण्हे, सोडावा तर जागच्या जागी उभी. पुढच्या दोन्ही चाकांतून गरम वास यायचा. ब्रेक आपले आपणच लागत होते आणि सुटायला तयार नव्हते. मग झाडाखाली बसायचं, गाडी निवायची वाट पाहायची. निवली की पुन्हा अशी साळसूद, की जणू काही घडलंच नाही.

अप्पांनी चाक पकडणारे कॅलिपर पुन्हा पुन्हा उघडले. पिस्टन पुसले, पुन्हा बसवले. मागचे ड्रम काढून पाहिले. गाडी पुलापर्यंत शहाण्यासारखी जाई आणि पुलापुढे तेच. खालच्या चौकातला मेकॅनिक भला माणूस होता. तो म्हणाला, “अप्पा, हिचे ब्रेक काढून टाकू आणि आजच्या गाडीचे बसवू. कटकट मिटेल.”

“मग ती गाडी कुणाची राहील?”

“तुमचीच की!”

“तेच तर,” अप्पा म्हणाले. मेकॅनिकला काही उमगलं नाही, पण त्यानं चहा पाजला.

आणि अशात अक्काचं ते पत्र. डोंगरावरून येणारा रस्ता म्हणजे वळणामागून वळण, एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला दरी. त्या उतारावर जिचे ब्रेक कधी काय करतील याचा नेम नाही, अशा गाडीत म्हाताऱ्या बहिणीला बसवायचं? ‘हो’ लिहावं तर खोटं. ‘नाही’ लिहावं तर हात धजेना. जिनं आयुष्यात धाकट्या भावाकडे कधी काही मागितलं नाही, तिनं पहिल्यांदा एक गोष्ट मागितली होती. अप्पा रोज कागद काढत, तारीख घालत, आणि तारीख शिळी झाली की कागद फाडत.

शेवटच्या शनिवारच्या आधीचा रविवार उजाडला. सकाळीच अप्पा गाडीच्या मागच्या चाकाशी पालथे पडले होते आणि त्यांची बायको गाडीत बसून पेडल दाबत होती. ब्रेकमधली हवा काढण्याचं काम चाललं होतं. चौथ्यांदा.

“दाब.”

“दाबलं.”

“धर. सोडू नको हं.”

“धरलंय. सोड म्हणाल तेव्हा सोडीन. पस्तीस वर्षं पोरांना गणित शिकवलं, पेडल धरता येतं मला.”

“सोड.”

“हवा आली का?”

“थेंबभरही नाही.”

“मग कालही नव्हती, परवाही नव्हती. नसलेली हवा काढायला रोज मला कशाला बसवता?” तिनं चष्मा कपाळावर सरकवला. “अहो, तुम्ही जे बघताय ते बरोबरच आहे. जिथं चूक आहे ते तुम्ही बघतच नाही आहात.”

“कुठं चूक आहे ते कळलं असतं तर बघितलं नसतं का?”

“ते तुमचं तुम्ही. मी पेडलवाली.”

इतक्यात फाटकाशी गाडी थांबली आणि अक्काची मुलगी उतरली. अप्पांची ही एकुलती एक भाची कोर्टात वकिली करायची, आणि रविवारीसुद्धा तिची चाल अशी, की समोरच्यानं उठून उभं राहावं. घरात तिला सगळे वकीलबाईच म्हणत.

“मामा, बाहेर या. मला फक्त बूट दिसतायत. बुटांशी मी बोलत नाही.”

अप्पा सरपटत बाहेर आले.

“आईचं पत्र मिळालं?”

“मिळालं.”

“उत्तर पाठवलंत?”

“म्हणजे, त्याचं असं आहे—”

“हो की नाही?”

“अगदी आईवर गेली आहेस,” मामी गाडीतून म्हणाली.

“मामी, तू साक्षीदार नाहीस.” वकीलबाईंनी गाडीच्या बॉनेटला टेकायला म्हणून हात पुढे केला, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, मागे घेतला. “मामा, ऐका. टेम्पो ठरलाय. त्याच्यामागे चांगली मोठी टॅक्सी सांगितलीय, गादीसारख्या सीटची. आई म्हणते, आधी भावाचं उत्तर येऊ दे. ती रोज पोस्टमनची वाट बघत व्हरांड्यात बसते. तुम्ही फक्त ‘नाही’ लिहा. मी म्हटलं तर ती ऐकत नाही. तुम्ही म्हटलंत तर निमूट टॅक्सीत बसेल.”

अप्पांनी हात पुसले. आधी एक हात, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. “लिहितो,” ते म्हणाले. “पण वकीलबाई, एकदा हिला तुझ्या डोळ्यांनी बघ. मी ‘नाही’ लिहिलं तर का लिहिलं, ते तुझ्या आईला सांगायला कुणीतरी पाहिजे. मला नाही सांगता येणार.”

ही विनंती होती की हट्ट, हे अप्पांनाच ठाऊक नव्हतं. पण मामी उतरली आणि वकीलबाई घड्याळ बघून हिरव्या गाडीत बसल्या.

गाडी गावाबाहेर पडली. छत नव्हतंच, वारा कानांत शिरत होता. पुलापुढे चढ लागला, आणि चढाच्या मध्यावर, बंद पडलेल्या पेट्रोलपंपासमोर, गाडीनं ठरल्याप्रमाणे पाय रोवले.

“हे असं,” अप्पा म्हणाले.

“बघितलं. झालं. आता फोन करून कुणाला तरी बोलावू, आणि घरी जाऊन ‘नाही’ लिहू.”

“थोडा वेळ थांबलं की सुटते. निवली की आपणच—”

बोलताबोलता अप्पा अडखळले. वाचनालयात असताना त्यांना एकाच गोष्टीचा राग यायचा. वाचक संध्याकाळी तक्रार करायचा, की अमुक पुस्तक जागेवर नाही. आणि शिपाई सकाळी जाऊन बघायचा, पुस्तक जागेवर. रोज दुपारी कुणीतरी ते काढून कोपऱ्यात वाचत बसे आणि जाताना ठेवून देई. शिपायाला अप्पा म्हणत, बाबा रे, सकाळी काय बघतोस? दुपारी जा. आणि आज इतके दिवस ते स्वतः काय करत होते? ब्रेक अडकले की झाडाखाली बसायचे. ब्रेक सुटले की गाडी घरी न्यायची. आणि मग घरी, थंड गाडीत, सुटलेल्या ब्रेकमध्ये, अडकण्याचं कारण शोधायचं!

“थांब,” ते म्हणाले. आवाज त्यांचाच होता, पण वकीलबाईंनी मान वळवून बघितलं, इतका तो वेगळा आला. “फोन नको. निवायच्या आत बघायचं. उतर, उतर लवकर.”

“मामा, ही साडी—”

“डिकीत माझा जुना कोट आहे, तो घाल.”

सपाट जागा बघून दोघांनी गाडी ढकलायचा प्रयत्न केला. ती तसूभर हलली नाही. मग आहे तिथेच मागच्या चाकांना दगड लावले, पुढचं एक चाक जॅकवर उचललं. अप्पांनी दोन्ही हातांनी ते चाक फिरवून पाहिलं. भिंत फिरवावी तसं.

“आता ऐक,” अप्पा म्हणाले. घशाला कोरड नव्हती. “पेडल दाबलं की वरच्या सिलिंडरमधून ऑइल निघतं, नळीतून खाली येतं आणि चाकाला पकडतं. पाय काढला की ऑइल परत वर गेलं पाहिजे. ते जात नाहीये. एक तर खाली अडलंय, म्हणजे नळी आतून सुजली असेल किंवा चाकातला पिस्टन अडकला असेल. नाही तर वर दार बंद आहे. मी आता वरचा नट, सिलिंडरला लागूनच आहे तो, किंचित सैल करतो. तू चाक धरून फिरवत राहा. वर सैल केल्यावर चाक सुटलं—”

“तर खालचे सगळे निर्दोष.”

“बरोबर!”

“म्हणजे एकाच प्रश्नात निम्मे आरोपी बाहेर. मामा, तुम्ही इतकी वर्षं पुस्तकांना नंबर कशाला घालत बसलात?”

कोट घातलेल्या वकीलबाई उकिडव्या बसल्या आणि चाकाला लोंबकळल्या. अप्पांनी बॉनेट उघडलं, नटाखाली फडकं कोंबलं, कारण ब्रेक ऑइल रंग खातं आणि भावोजींचा हिरवा रंग त्यांनी आजवर जपला होता. पाना लावला. नट हलेना. पुन्हा जोर लावला. नट करकरला, फस्स आवाज झाला, फडकं भिजलं, आणि खालून वकीलबाई ओरडल्या, कारण चाक गर्रकन फिरलं होतं आणि त्या रस्त्यात बसल्या होत्या.

“सुटलं! मामा, सुटलं!”

अप्पांनी नट घट्ट केला. चारदा उघडलेले कॅलिपर, तीनदा पुसलेले पिस्टन, नव्या नळ्या, सगळं त्यांनी बसवलं होतं तसंच, नीट होतं. “बघ,” ते म्हणाले, “माझं काम चांगलं होतं.” हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच मोठ्यानं उच्चारलं असावं.

“ते नंतर. वरचा आरोपी कोण?”

वरचा आरोपी दिसण्यासारख्या जागी नव्हता. अप्पांनी ड्रायव्हरचं दार उघडलं, सीटवर पाय वर करून उलटे झोपले, आणि डोकं पेडलांखाली घातलं. रस्त्यानं जाणाऱ्या एका मोटारवाल्यानं वेग कमी करून विचारलं, “काका ठीक आहेत ना?”

“मजेत आहेत,” वकीलबाई म्हणाल्या. “त्यांना असंच आवडतं.”

आतून अप्पांचा आवाज डब्यातून आल्यासारखा येत होता. “सिलिंडरच्या आत एक बारीक भोक असतं. पेडल पूर्ण मागे आलं की ते उघडं होतं, आणि तापून फुगलेलं ऑइल त्यातून परत टाकीत जातं. पेडल केसभर जरी पुढे राहिलं तरी ते भोक झाकलेलं राहणार. म्हणून पेडलला सुरुवातीला जरा ढिलाई पाहिजे. पुस्तकात आहे. बोटानं हलवलं तर जरासं रिकामं हललं पाहिजे.”

“हलतंय?”

“नाही.”

“का नाही?”

टॉर्चचा उजेड आत इकडून तिकडे फिरला आणि एका जागी थांबला.

“मामा? आहात ना?”

“आहे.” मग आतून हसण्यासारखा आवाज आला. “वकीलबाई, मागच्या लाल दिव्याचा स्विच कुठे असतो माहीत आहे? इथं, पेडलच्या मागे. पेडल मागे येऊन याच स्विचला टेकतं. टेकलं की दिवा विझतो. पेडल दाबलं की स्विच मोकळा होतो, दिवा लागतो. थंडीत मी सगळं जोडलं तेव्हा गाडी उभी असतानाही मागचा दिवा लागून राहायचा, बॅटरी उतरायची. म्हणून मी हा स्विच पिळून आत घेतला. दिवा विझेपर्यंत.”

“मग बरोबरच केलंत.”

“दिवा विझला तिथं थांबलो असतो तर बरोबर होतं. मी खात्रीसाठी अर्धा आटा जास्त पिळला.”

कुलूप लावल्यावर ते ओढून बघणारा, ओढून बघितल्यावर पुन्हा जिना चढून येऊन ओढून बघणारा मामा त्यांनी लहानपणापासून पाहिला होता. मग त्या खो खो हसत सुटल्या. “म्हणजे स्विचनं पेडलला मागे येऊच दिलं नाही! मामा, मुख्य आरोपी तर तुम्हीच!”

“मीच!” पेडलांखालून अप्पा ओरडले, आणि त्या ओरडण्यात इतका आनंद होता, की मोटारवाल्यानं ऐकलं असतं तर पुन्हा थांबला असता. “दहाचा पाना दे. कोटाच्या डाव्या खिशात आहे. तुझ्याच अंगावर आहे कोट.”

स्विच अर्धा आटा मागे आला. पेडलनं ‘टक’ असा बारीक आवाज केला आणि ते मागे सरकलं. फारसं नाही, पण बोटाला कळण्याइतकं. अप्पांनी ते पुन्हा पुन्हा हलवून पाहिलं. वकीलबाई मागे जाऊन उभ्या राहिल्या.

“दाबा. लागला. सोडा. विझला. दाबा. लागला. सोडा. विझला. अजून किती वेळा?”

“बस,” अप्पा म्हणाले. “बघितलं तेवढं बस.”

वरच्या नटाशी हवा शिरली असण्याची शक्यता होती, म्हणून वकीलबाईंना पेडलवर बसवून ती तिथल्या तिथे काढली. टाकीत ऑइल भरलं, सांडलेलं पाण्यानं धुतलं, जॅक काढला. आणि मग दोघं चढ पुरा करून वर गेले, पहिल्या तीन वळणांच्याही पुढे, जिथून खालचं गाव ताटलीएवढं दिसतं. गाडी एकदाही जड झाली नाही. वर पोचल्यावर अप्पांनी इंजिन बंद करून सपाटीवर ती एका हातानं ढकलली. पाळणा सरकावा तशी सरकली.

“हं,” वकीलबाई म्हणाल्या. “चढायला काय, कुणीही चढेल. उतरायचं आहे आईला. मामा, त्या बाजूला बसा.”

“तू चालवणार?”

“तुम्ही चालवलंत तर जपून चालवाल. मला जपून चालवलेलं नाही बघायचं. मला उलटतपासणी घ्यायचीय.”

वकीलबाई ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या, ती मागे सरकवली, आणि न बघता सीटखाली हात घालून तिथली खिट्टी वर ओढून पक्की केली. ही खिट्टी अशी ओढावी लागते हे पुस्तकात कुठंच नव्हतं. अप्पांना शोधायला आठवडा लागला होता. दुसरा गिअर टाकताना वकीलबाईंनी क्षणभर मध्येच थांबून मग टाकला. हेही पुस्तकात नव्हतं. बापानं शिकवलेलं हात विसरत नाहीत, एवढं अप्पांना कळत होतं.

उतारावर वकीलबाईंनी गाडीला असं काही वागवलं, की कोर्टात एखादा साक्षीदार रडला असता. वळणाच्या तोंडाशी जोरात ब्रेक. मध्येच ब्रेक. सरळ रस्त्यावर वेग घेऊन, अप्पांना सूचना न देता, एकदम ब्रेक. अप्पांनी दाराची कड धरली होती, पण डोळे उघडे होते. प्रत्येक वेळी गाडी नाक खाली घालून सरळ थांबली आणि पाय काढताच मोकळी झाली. तापलेल्या ब्रेकचा वास आला, तो येणारच होता. पण मागून सदरा धरणारं आता कुणी नव्हतं. शेवटच्या वळणानंतर, ऐन उतारावर, वकीलबाईंनी गाडी पूर्ण उभी केली, गिअर काढला, मोजून श्वास घेतला आणि पाय उचलला. गाडी आपली आपण, अगदी हलकेच, खाली जायला लागली.

“अजून उलटतपासणी?” अप्पा म्हणाले.

“नको. साक्षीदार टिकला.” त्यांनी समोर बघतच सांगितलं. “मामा, मला वाटत होतं, आई हट्ट करतेय. टॅक्सीत बसली काय, यात बसली काय, उतरायचं तेच.”

“मग?”

“मग काही नाही. टॅक्सी रद्द करते.”

घरी मामी पायरीवर बसून होती. दोघांचे काळे हात, कोट घातलेली वकीलबाई आणि अप्पांच्या कपाळावरचा ऑइलचा पट्टा बघून ती म्हणाली, “हवा होती का?”

“नव्हती,” अप्पा म्हणाले. “तू म्हणालीस तेच. बरोबर होतं तेच मी बघत होतो.”

“लिहून द्या.”

“आधी दुसरं लिहायचंय.”

“आईला मी संध्याकाळी निरोप पाठवते ना,” वकीलबाई म्हणाल्या. “शेजारच्यांच्या फोनवर सांगितलं की ते तिला जाऊन लिहून दाखवतील. पत्र पोचायला बुधवार उजाडेल.”

“बुधवार चालेल. तिनं मला विचारलंय,” अप्पा म्हणाले आणि हात धुवायला गेले.

टेबलाशी बसल्यावर पुन्हा जुनं सगळं मनात गोळा व्हायला लागलं. पाऊस आला तर? टायर तशी चांगली आहेत, पण? ‘बहुतेक’ हा शब्द घालावा का? मामीनं खांद्यावरून डोकावून पाहिलं. “निबंध नको म्हणालीय ती.” अप्पांनी लिहिलं, ‘हो. ब्रेक नीट आहेत. शनिवारी सकाळी न्यायला येतो. डोक्याला रुमाल बांध, छत लावणार नाही.’ वकीलबाई म्हणाल्या, “सीटचा पट्टा लावायचा, तेही घाला. नाहीतर मी टॅक्सी पुन्हा सांगेन.” मग एक ओळ वाढली: ‘तुझी मुलगी म्हणते पट्टा लावायचा. लाव, नाहीतर मला कोर्टात उभं करेल.’

पत्राची पेटी पोस्टाच्या भिंतीला होती, आणि पोस्ट घराजवळच्याच उताराच्या पायथ्याशी. चालत गेलं तरी चाललं असतं. अप्पांनी गाडी काढली. मामी शेजारी बसली, पदर कानामागून घट्ट आवळून, आणि सबंध उतारभर बोलली नाही, म्हणजे तिला आवडलं होतं. पेटीसमोर अप्पांनी ब्रेक लावला. गाडी थांबली. पाय काढला, गाडी पुढे सरकू लागली, म्हणून हसून हँडब्रेक ओढला.

पाकीट पेटीच्या फटीत अर्धं गेलं आणि अप्पांचा हात थांबला.

“काय झालं?” मामीनं विचारलं. “पत्ता चुकला?”

“नाही. पत्ता बरोबर आहे,” अप्पा म्हणाले, आणि पाकीट पुन्हा बाहेर न काढता बोटं सोडली.